निवांत माणसाचा पुतळा

अर्फानं मातीच्या चेहऱ्यावरचं ओलं फडकं काढलं आणि ती बाजूला झाली.

तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिघंजण उभी होती. गोठणवाडीच्या स्मारक समितीचे अध्यक्ष, निवृत्त सुभेदार लालासाहेब. गेल्या हिवाळ्यात बर्फातल्या घाटात लष्कराची गाडी दरीत कोसळून गेलेल्या नाईक विश्वजीतची बायको रेश्मा. आणि त्याची आई दगडाबाई. पाटणच्या वरच्या खोऱ्यातून अंधारातच निघून, कराडला एसटी बदलून ती तिघं मिरजेला पोचली होती.

लालासाहेबांनी हात पाठीशी बांधून पुतळ्याभोवती एक चक्कर मारली.

"फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "नजर बगा ह्याची. दुश्मन कुठनंबी यिऊ दे, ह्याला दिसणारच. ह्याला म्हणायचं जवान."

अर्फाला हे ऐकायची सवय होती. तिच्या पुतळ्यांची नजर जिवंत असते, असं सांगली-सातारा भागात बोललं जायचं. काम मिळायचं ते त्या नजरेमुळंच. तिनं हसून मान हलवली आणि रेश्माकडं पाहिलं.

रेश्मा पुढं आली. तिनं कपाळ पाहिलं, मिशी पाहिली, कानाच्या पाळीवरचा बारीक कट पाहिला. 

"नाक हाय तसंच हाय," ती म्हणाली. "कानाचा कटबी घेतलाय तुमी. पर ह्ये आमचं मालक न्हवंत."

"अगं, असं काय करतीस?" लालासाहेब म्हणाले.

"काय चुकलंय, वहिनी?" अर्फानं विचारलं. "सांगा ना. माती आहे, बदलता येते."

रेश्माला नीट सांगता येईना. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "ह्यो माणूस कशाची तरी वाट बगतोय. आमचं मालक कवा कशाची वाटच बगायचं न्हाईत. हळदीला डॉल्बीपुढं खुर्ची टाकून झोपायचं. एसटीत उभ्या उभ्या झोपायचं. मी म्हणायची, आवं, तिकडं बॉर्डरवर बी असंच झोपता का? तर म्हणायचं, ड्युटीवर जागा असतो, ड्युटी संपली की संपली. आन जागं असतानाबी तोंड तसंच असायचं त्यांचं. आत्ताच पोटभर जेवून उठल्यागत."

"लय झोपाळू," दगडाबाई एकदम म्हणाली आणि हसली. मग हसल्याचं लक्षात येऊन तिनं तोंडाला पदर लावला.

"मग काय झोपल्याला पुतळा बसवायचा व्हय चौकात?" लालासाहेब म्हणाले. पण त्या दोघींकडं बघून त्यांनी नजर पुतळ्याकडं वळवली.

पुतळा बसवायचा होता विश्वजीतच्या स्मृतिदिनाला, आणि त्याला अजून अवकाश होता. अर्फानं सुधारून दाखवायचं कबूल केलं.

तिनं भुवया सैल केल्या. खालची पापणी थोडी वर उचलली, ओठांची कड मऊ केली. शेजारी जुन्या कपाटाचा लांबट आरसा टेकवलेला होता. जबड्याचा स्नायू कुठून निघतो, पापणी बुबुळावर कशी वळते, हे बघायला सगळेच शिल्पकार आरशात स्वतःकडं बघतात, तीही बघायची. आरशात बघायचं, मातीकडं बघायचं, कोरणीनं एक रेघ ओढायची, पुन्हा आरसा. फोटो समोर लावलेले होतेच. पण भुवई सैल केली की जबडा आवळल्यासारखा दिसायचा. जबडा सोडला की मान ताठ व्हायची. एकीकडून दाबलेली गोष्ट दुसरीकडून वर येत होती.

घरी जेवायला बसली तरी तिची बोटं ताटाच्या कडेला काहीतरी दाबत असायची. आई दिलशाद ते बघायची. "खाना थंडा हुआ, अन् तू अभी उदरीच है," ती म्हणायची. अर्फा उठून पुन्हा शेडवर जायची. शेड मिरजेच्या बाहेर, मालगावच्या रस्त्याला होती. तिचे वडील मौला तिथं सतारीचे भोपळे वाळवायचे. ते गेल्यावर भोपळे गेले, माती आली.

पुढच्या वेळी रेश्मा एकटीच आली. अर्फानं फडकं काढलं. रेश्मानं पुतळ्याकडं पाहिलं, आरशाकडं पाहिलं, मग अर्फाकडं पाहिलं.

"ताई, राग मानू नगा. ह्यो तुमच्यागत दिसतोय."

"माझ्यासारखा? मला मिशी कुठं आहे?" अर्फा हसली.

रेश्मा हसली नाही. "नाक-डोळं म्हणत न्हाई मी. मी आल्यापासनं तुमी सारखं दाराकडं बगताय. बोलताय माझ्यासंगं आन बगताय दाराकडं. ह्योबी तसाच बगतोय बगा."

अर्फानं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. चहा दिला, रेश्माला स्टँडवर सोडलं. परत येताना मात्र तिला शेडमध्ये शिरावंसं वाटेना. ती बाहेरच थांबली. आतून पुतळा बाहेर बघत होता. तिच्या येण्याची चाहूल घेत असल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्कूटी काढली आणि आईला काहीही न सांगता निघाली.

पलूसला एका शिक्षण संस्थेच्या आवारात तिनं केलेला संस्थापकांचा अर्धपुतळा होता. ऊसतोडीचे दिवस होते, रस्त्यावर ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर लागले होते, त्यांच्यातून वाट काढत ती पोचली. पुतळ्याला हार घातलेला होता. संस्थापक किंचित डावीकडं बघत होते. जबडा घट्ट, मान अर्धवट वळलेली. ती समोरून पाहून बाजूला गेली, पुन्हा समोर आली. मग तिथं थांबणं तिला नको झालं.

कराडच्या अलीकडं एका गावात स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेल्या एका बाईंचा पुतळा तिनं केला होता. त्या बाईंची नात म्हणाली होती, आजी अगदी बोलकी वाटते. अर्फानं स्कूटी उभी केली, हेल्मेटही काढलं नाही. बाई डावीकडं बघत होत्या. दारात कुणीतरी आलंय आणि तो कोण आहे हे अजून कळायचंय, असा चेहरा.

ती तशीच साताऱ्याला गेली. तिथल्या एका शाळेत तिनं केलेले हेडमास्तर होते. मधली सुट्टी चालू होती. पोरं पुतळ्याच्या चौथऱ्यावर बसून डबे खात होती. शाळेचा शिपाई जवळ आला.

"कुणाला शोधताय, मॅडम?"

"कुणाला नाही. पुतळा बघतेय."

"लय भारी पुतळा हाय. पोरं म्हणत्यात, सर अजून गेटाकडं बगत्यात, उशिरा कोण येतंय ते."

म्हणजे लोकांनी त्या नजरेला अर्थ लावून घेतला होता. शाळेत ती शिस्त झाली होती, स्मारकात निर्धार, सैनिकाच्या चेहऱ्यावर दक्षता. खरं काय होतं ते एकट्या अर्फाला माहीत होतं, आणि तिलाही ते आदल्या दिवशीपर्यंत माहीत नव्हतं. ज्या फिरत्या स्टँडवर ती पुतळे घडवायची, त्याच्या डाव्या हातालाच शेडचं दार होतं.

त्या दारात इतक्या वर्षांत बरेच लोक येऊन उभे राहिले होते. चुलते आले होते. आत न येता उंबऱ्यावरूनच म्हणाले, "चेहरे बनवणं आपल्यात बसत नाही, पोरी. तुझ्या अब्बांनी सतारी केल्या, त्या कर." गावोगावच्या समित्या आल्या. पाटीवरचं नाव वाचून एकमेकांकडं बघायच्या आणि विचारायच्या, "मूर्तिकार कोण? तुमीच का?" काही आत आल्या, काही तिथूनच वळल्या. एका संध्याकाळी काही तरुण मोटरसायकलवरून आले, दारात थांबले, तिच्या अर्धवट कामाचं मोबाईलवर चित्रण केलं आणि एक शब्द न बोलता निघून गेले. पुढं काहीच झालं नाही. कुणी काही बोललं नाही, कुठं काही आलं नाही. पण तेव्हापासून काम करताना तिचा एक कान आणि एक डोळा दाराशी असायचा. याला भीती म्हणतात असं तिला कधी वाटलं नव्हतं. काम करणाऱ्या बाईनं सावध असावं, एवढंच तिला ठाऊक होतं.

परत आल्यावर तिनं माती कापायची तार घेतली आणि विश्वजीतचा चेहरा कानापासून कानापर्यंत कापून काढला. माती धपकन खाली पडली. आत सळ्यांचा सांगाडा राहिला. आता काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं. निवांत चेहरा करायचा तर तो कुठून आणायचा? आरशात तर तो नव्हता.

तिनं रेश्माला फोन केला आणि गोठणवाडीला गेली.

वाडी उतारावर होती. खाचरांतलं भात निघालं होतं, अंगणाअंगणात उन्हं खात माणसं बसली होती. रेश्मानं तिला घावन आणि चहा दिला.

"आत्यांचं तोंड बगा," ती म्हणाली. "मालकांनी तोंड आईचंच उचललंय. ह्या दोघांची जोडी हुती. दळाण निसता निसता आत्या झोपायच्या, आन शेजारी ह्ये."

अर्फाला हायसं वाटलं. तिनं सोबत थोडी माती आणली होती. दगडाबाईला तिनं अंगणात उन्हात बसवलं. म्हातारी लाजत बसली.

"मावशी, डोळे मिटा. अंग सैल सोडा. झोप लागली तर लागू द्या."

दगडाबाईनं डोळे मिटले. अर्फा मातीत अंगठा दाबणार तेवढ्यात थांबली. म्हातारीच्या मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. कपाळावरची आठी तशीच होती. अर्फानं वाट पाहिली. आठी गेली नाही.

"झोप कुठनं यील, पोरी," दगडाबाई डोळे मिटूनच म्हणाली. "डोळं झाकलं की फोन वाजल्यागत हुतंया. सकाळच्या पारी फोन आला हुता न्हवं. तवापासनं अशीच पडून असती मी. रेश्माला ठावं न्हाई."

रेश्मा दारात उभी होती. तिनं ऐकलं, आणि ती आत निघून गेली.

अर्फानं ओली माती पुन्हा पिशवीत गुंडाळली. ज्या चेहऱ्यासाठी ती आली होती तो या घरातून त्याच्याबरोबरच गेला होता. ती उठली, अंगणात फेऱ्या मारायला लागली. परत जावं, लालासाहेबांना आवडला होता तसाच पुन्हा करून द्यावा, सगळ्यांचं समाधान होईल, असंही तिच्या मनात आलं.

रेश्मा बाहेर आली ती मोबाईल घेऊनच. कुणाच्यातरी लग्नात भावकीतल्या पोरांनी काढलेला व्हिडिओ होता. विश्वजीत खुर्चीत झोपला होता, बँड वाजत होता, एकजण त्याच्या नाकावर झेंडूची पाकळी ठेवत होता. पाकळी घसरली, तो जागा झाला, समोर बघून ओठातल्या ओठात हसला. पुन्हा डोळे मिटले. एवढंच. अर्फानं तो पुन्हा पुन्हा पाहिला. चेहऱ्याची एकच बाजू दिसत होती. तो कॅमेऱ्याकडं बघत नव्हता, कुणाकडंच बघत नव्हता.

"बसायचं कसे?" तिनं विचारलं. "खांदे कसे असायचे?"

रेश्मा खुर्चीत बसली. खांदे सोडले, पाय पुढं पसरले, मान एका बाजूला टाकली. आणि हे करून दाखवताना तिचा स्वतःचा चेहरा क्षणभर वेगळाच झाला. अर्फानं ते पाहिलं.

"वहिनी, थोडे दिवस मिरजेला याल? मी काम करेन तेव्हा तिथं असा."

रेश्मानं सासूकडं पाहिलं. "जा," दगडाबाई म्हणाली. "तुज्या पोरीला मी बगती. तसंबी मी जागीच असती."

रेश्मा मिरजेला आली, अर्फाच्या घरीच उतरली. दिलशादनं तिला पहिल्या दिवशीच आपल्या शेजारी बसवून जेवायला घातलं. सकाळी दोघी शेडवर आल्या. अर्फानं सांगाड्यावर नवी माती चढवली. रेश्मा स्टुलावर बसून बघत राहिली. अर्फाचं काम सुरू झालं आणि लगेच बाहेर दुधाचा टेम्पो थांबला. अर्फानं वळून पाहिलं. टेम्पो गेला. थोड्या वेळानं सायकल खडखडली. अर्फानं वळून पाहिलं. कुत्रं आडवं गेलं तरी पाहिलं.

रेश्मा उठली. तिनं स्टूल उचललं, शेडच्या दारात मधोमध ठेवलं आणि अर्फाकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून बसली.

"कोण आलं तर मी सांगती," ती म्हणाली. "तुमी तकडं बगा."

अर्फाला कसंतरीच झालं. "अहो, उन्हात कशाला बसताय?"

"तुमी तकडं बगा."

अर्फानं आरसा भिंतीकडं फिरवून ठेवला आणि कामाला लागली. सुरुवातीला तिची मान आपोआप वळायची. वळली की रेश्माची पाठ दिसायची, दारभर. मग वळायची थांबली. दुपारकडं तिच्या लक्षात आलं की आपल्या डाव्या खांद्यात गोळा आल्यासारखं दुखतंय, आणि ते आजचं दुखणं नाही. वर्षानुवर्षं ती अर्धी वळून उभी राहत आली होती. आता ती मातीच्या समोर सरळ उभी होती आणि खांद्याला ते नवं होतं.

रेश्माची राखण कडक होती. बिल मागायला आलेल्या हार्डवेअरवाल्याला तिनं "काम चालू हाय, उद्या या" म्हणून परत लावलं. रस्त्यानं जाणारा एकजण डोकावायला लागला तर "काय काम हाय तुमचं?" असं विचारलं, तसा तो पुढंच गेला. जेवणाचा डबा घेऊन दिलशाद आली तेव्हा तिनं बुरख्याची जाळी खाली घेतलेली होती. रेश्मानं तिलाही अडवलं.

"अगे, मैं उसकी माँ हूँ!" दिलशाद ओरडली. आतून अर्फा मोठ्यानं हसली. आपण शेडमध्ये असं कधी हसलो होतो, ते तिला आठवेना.

"बोला ना काहीतरी," अर्फा आतून म्हणायची. आणि रेश्मा रस्त्याकडं बघत बोलायची. समोर माणूस नव्हता म्हणून असेल, तिला बोलता आलं.

"सगळी म्हणत्यात, किती शांत माणूस हुता. मला लय राग यायचा त्याचा. पोरगी तापानं फणफणली हुती, आन ह्ये घोरत पडल्यालं. मी तांब्याभर पाणी वतलं अंगावर. उठलं आन म्हणालं, बरं केलंस, उकडतच हुतं. आन पुन्हा झोपलं." तिनं पदरानं मान पुसली. "मग उठून पोरीला खांद्यावर टाकून पाटणपतूर चालत गेलं. गाडी न्हवती. रस्त्यानं तिला गाणी म्हणून दावत हुतं. घाबरलं न्हाईतच. मी रडत मागनं. मला वाटायचं, ह्या माणसाला आमची काळजीच न्हाई. आता वाटतंय, त्यास्नी म्हाईत असायचं का, की काय हुयाचं ते हुतंय? का तसं काय नसतंय? मी कवा इचारलंच न्हाई."

ती रडत होती की नाही, हे अर्फाला पाठीवरून कळेना. तिनं विचारलंही नाही. तिची बोटं चालू होती. चेहऱ्यात नुसता गोडवा येत होता तो तिनं पुसला. ज्याचा बायकोला राग यावा, असा निवांतपणा हवा होता. जरासा हट्टी. खालचा ओठ तिनं किंचित पुढं घेतला, आणि एकाएकी त्या मातीत कुणीतरी आलं.

काम झालं त्या दिवशी अर्फानं हत्यारं खाली ठेवली. हात धुऊन बाहेर जाऊन उभी राहिली. रेश्मा उठून आत गेली.  अर्फा रस्त्यावर येरझारा घालत राहिली. मग डोकावून पाहिलं तर रेश्मा पुतळ्यासमोर उभी होती आणि त्याच्याशी भांडत होती. हळू आवाजात, हातवारे करून. अर्फा पुन्हा बाहेर गेली.

लालासाहेब दोन दिवसांनी आले. एका नजरेत त्यांचा चेहरा उतरला.

"ह्यो काय जवान हाय? ह्यो तर रजेवरचा हाय. मॅडम, पैला होता तो का मोडला?"

"पैला ह्ये न्हवतं, आबा," रेश्मा म्हणाली. "ह्ये हायत."

"गावाचं स्मारक हाय, रेश्मा. घरातला फोटो न्हाई. उद्या पोरं भरतीला जाताना ह्याच्या पाया पडणार. काय बगणार ती? ह्याला जांभई यायची बाकी हाय नुसती. भुवया आवळा, मॅडम. समिती ह्यो पास करणार न्हाई."

"न्हाई आवळायच्या," रेश्मा म्हणाली. तिचा आवाज चढला. डबा घेऊन आलेल्या दिलशादनं तिचा हात धरला आणि चहा करायच्या निमित्तानं घरी नेलं.

अर्फानं स्टूल ओढलं. "सुभेदारसाहेब, बसा थोडं. मग सांगा काय बदलायचं ते. मी बदलते."

तिनं ते मनापासून म्हटलं होतं. ती थकली होती, आणि गाव लालासाहेबांचं होतं.

लालासाहेब बसले. समोर विश्वजीत. त्यांनी घसा खाकरला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. अर्फा हत्यारं पुसत राहिली.

"नोकरी सुटून लय वर्षं झाली," ते म्हणाले, तिच्याकडं न बघता. "अजून भिंतीला पाठ लावल्याबिगर मला जेवण जात न्हाई. मंडळी म्हणती, आवं, आपल्याच घरात कोण येणार हाय तुमच्यावर? कोण न्हाई. म्हाईत हाय मला. पर पाठ उघडी पडली की घास उतरत न्हाई."

अर्फाचे हात थांबले.

"ह्या पोराला भरतीला मीच न्हेलं. रजेवर आला की माझ्या सोप्यात यिऊन आडवा पडायचा. सतरंजीबी लागायची न्हाई. मी खुर्चीत बसून बगत राहायचो त्याच्याकडं. त्योबी तितंच ऱ्हाऊन आलाय, जितं मी हुतो. बर्फ त्योच, पोस्ट त्याच. मग ह्याला कसं जमतंय? मला का न्हाई?" त्यांनी गुडघ्यावरची टोपी फिरवली. "तुमचा पैला पुतळा बगितला तवा मला लय बरं वाटलं. खरं सांगतो. वाटलं, चला, ह्योबी आतनं आपल्यागतच जागा हुता."

बाहेरून ट्रक गेला. दोघांनीही एकदमच दाराकडं पाहिलं. मग एकमेकांकडं. अर्फाला हसू येईना, रडूही येईना.

"तो माझा चेहरा होता, साहेब," ती म्हणाली. "त्याचा नव्हता."

लालासाहेबांनी तिच्याकडं नीट पाहिलं. पहिल्यांदाच असेल. त्यांनी कारण विचारलं नाही.

"ह्यो त्याचा हाय," ते शेवटी म्हणाले. "त्याचाच हाय. पर मला बगवत न्हाई." ते उठले, टोपी घातली, खांदे सरळ केले. "पास. समितीचं मी बगतो. पर त्याची टोपी वाकडी हाय. ती सरळ करा. टोपी वाकडी चालायची न्हाई."

अर्फानं टोपी सरळ केली.

कोल्हापूरला ब्राँझमध्ये ओतकाम झालं. पुतळा टेम्पोतून गोठणवाडीला गेला. स्मृतिदिनाला खोऱ्यात धुकं होतं. शाळेची पोरं रांगेत कुडकुडत उभी होती, माजी सैनिक पदकं लावून आले होते. पडदा निघाला. टाळ्या उशिरानं पडल्या. लोकांत कुजबुज झाली, "हसतोय का ह्यो?" लालासाहेबांनी कडक सलामी दिली, भाषण दोन वाक्यांत उरकलं आणि नंतर कार्यक्रम संपेपर्यंत पुतळ्याला पाठ करून उभे राहिले.

दगडाबाईला धरून पुढं नेलं. तिनं मान वर करून पाहिलं. 

"झोपलाय का जागा हाय?" म्हातारीनं सुनेला विचारलं.

"जागं हायत, आत्या."

"व्हय का?" दगडाबाई म्हणाली. तिनं ब्राँझच्या गालावरून हात फिरवला. "लय गार पडलंय." एवढंच म्हणून ती मागं वळली. ती रडेल म्हणून बायका जवळ सरकल्या होत्या. ती रडली नाही. अर्फाला त्याचा अर्थ लागला नाही, आणि तो लागावा म्हणून ती म्हातारीकडं कार्यक्रमभर बघत राहिली. रेश्मानं तिला दोनदा खुर्चीवर बसायला बोलावलं. तिला बसवेना. पुतळा साधला की आतली तगमग थांबेल, अशी तिनं मनोमन आशा धरली होती. पुतळा तिथं स्वस्थ होता. ती मागच्या बाजूला या पायावरून त्या पायावर होत उभी होती.

निघताना रेश्मानं तिला मिठी मारली. 

खाली फाट्यावर टपरीपाशी अर्फानं स्कूटी थांबवली. कार्यक्रमाहून उतरलेली माणसं कराडच्या गाडीची वाट बघत चहा पीत होती. बोलणं पुतळ्याचंच चाललं होतं.

"रजा मंजूर झाल्यावर असंच तोंड हुतंय गड्या," एक माजी सैनिक म्हणाला.

"रजा न्हाई, दमलाय त्यो," दुसरा म्हणाला. "आतनं दमलाय. मला तर कळालं."

"सिलेक्शनच्या यादीत नाव आल्यावरचं तोंड हाय त्ये," भरतीची तयारी करणारा एक पोरगा म्हणाला. त्यानं पायात स्पोर्ट्स शूज घातले होते आणि तो उभ्या जागीच टाचा उचलत होता.

एक म्हातारी गाठोडं सांभाळत बसली होती. "पोरीकडं बगतोय आपल्या," ती म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

वाद वाढला. माजी सैनिक जोरात होता, दुसऱ्याचा आवाजही चढला. शेवटी त्या दुसऱ्यानं चहाचा ग्लास धरून उभ्या असलेल्या अर्फाकडं पाहिलं. ही पुतळा करणारी बाई, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"तुमी बी वरनंच आला न्हवं, ताई? तुमाला काय वाटतं?"

"मला अजून कळलं नाही," अर्फा म्हणाली.

"कळलं न्हाई?" तो नाराज झाला. "आवं, नीट बगायचं की मग."

"हो," ती म्हणाली. तिनं अर्धा चहा तसाच ठेवला. घाटातून गाडीचा हॉर्न आला आणि माणसं पिशव्या उचलून रस्त्याकडं सरकली. वाद मात्र थांबला नव्हता. तो गाडीच्या दारात चढता चढता चालूच होता, खिडकीतूनही ऐकू येत होता. गाडी धुक्यात शिरेपर्यंत अर्फा ऐकत उभी राहिली. मग तिनं स्कूटीला किक मारली.